अनाथ मुलांचे नातलग आणि राज्याचे कर्तव्य

(ठाकुर्ली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय असा आहे की त्यावर सहसा मोर्चा निघत नाही. ज्या मुलांचा हा प्रश्न आहे ती मतदार नाहीत आणि जी माणसे त्यांना सांभाळतात ती संघटित नाहीत. कामगाराला युनियन असते, शेतकऱ्याला संघटना असते. परंतु मेलेल्या मुलीची दोन लेकरे पदराखाली घेऊन बसलेल्या आजीला कोणती संघटना आहे? भावाच्या पोरांना आपल्या घरात आणून, स्वतःच्या मुलांच्या ताटातले काढून त्यांना वाढणाऱ्या आत्याची मागणी कोणत्या सनदेत लिहिली आहे? ती लिहिली गेली पाहिजे, आणि ती लिहिण्याचे काम समाजवादी कार्यकर्त्यांचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम आपल्या परिसराकडे पाहू. ठाकुर्ली हे रेल्वेच्या आधाराने वाढलेले गाव. येथील चोळ्याच्या वीजगृहाने एके काळी मध्य रेल्वेच्या विजेवरील गाड्यांना वीज पुरवली. ते वीजगृह बंद होऊन पुष्कळ वर्षे लोटली; परंतु गावाचा जीव अजूनही रेल्वेच्या रुळांवरच टांगलेला आहे. कल्याण ते ठाणे ह्या पट्ट्यात राहणारा माणूस पहाटे लोकलच्या दाराशी लोंबकळत कामावर जातो आणि रात्री तसाच परततो. काही परतत नाहीत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ चालत्या गाड्यांतून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा चार दिवस वृत्तपत्रांतून गर्दीची चर्चा झाली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले, तेव्हा कारखान्यांच्या सुरक्षिततेची चर्चा झाली. ती चर्चा आवश्यकच होती. तथापि प्रत्येक वेळी एक प्रश्न चर्चेबाहेर राहतो: गेलेल्या माणसाची मुले आज रात्री कोणाच्या घरी झोपली?

ह्याचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते. ती आजीकडे, मामाकडे, काकाकडे किंवा मावशीकडे झोपली. अपघाताच्या जोडीला क्षयरोग आहे, दारू आहे, कर्जापायी झालेली आत्महत्या आहे, तुरुंगवास आहे, नवऱ्याने टाकून दिलेल्या स्त्रीचे अकाली मरण आहे. कारणे वेगळी, परंतु मुलांची वाट तीच. सरकारी बालगृहाचे दार फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते. बाकीच्या मुलांचे बालगृह म्हणजे चाळीतली दहा बाय बाराची खोली, आणि तिथे अधीक्षक, स्वयंपाकी, परिचारिका व शिक्षक ही सगळी पदे एकटी साठीतली बाई बिनपगारी सांभाळीत असते.

आपल्याकडे ह्याला नात्याचे कर्तव्य म्हणतात. शब्द चांगला आहे. परंतु हे कर्तव्य प्रत्यक्षात कोण करतो ते पाहावे. मूल घरी आणण्याचा निर्णय पुष्कळदा पुरुष जाहीर करतो, आणि त्या मुलाचे धुणे, जेवण, आजारपण व शाळा ह्यांचा भार स्त्रीच्या डोक्यावर येतो. चार घरची धुणीभांडी करणारी मावशी त्यातली दोन घरे सोडते, कारण लहान मुलाला एकटे ठेवता येत नाही. म्हणजे खाणारी तोंडे वाढतात त्याच दिवशी मिळकत घटते. गरिबाच्या घरी अनाथ मूल येणे म्हणजे खर्च आणि उत्पन्न ह्या दोन्ही बाजूंनी बसणारा फटका असतो. श्रीमंताच्या घरी तसे होत नाही. म्हणून ज्याला आपण कुटुंबाचा प्रश्न म्हणतो, तो मुळात वर्गाचा प्रश्न आहे आणि त्याच्या पोटात स्त्रीच्या श्रमाचा प्रश्न आहे.

आता राज्य काय करते ते पाहू. कारण राज्य काहीच करीत नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. अनाथ, निराधार, एकच पालक असलेल्या किंवा आईवडिलांच्या दुर्धर आजारामुळे अथवा तुरुंगवासामुळे संकटात सापडलेल्या मुलाला संस्थेत न टाकता कुटुंबातच वाढवावे आणि त्या कुटुंबाला दरमहा अनुदान द्यावे, हा तिचा गाभा. विचार उत्तम आहे. देशातील पुष्कळ राज्यांच्या आधी महाराष्ट्राने हा विचार स्वीकारला, ह्याचा आपल्याला अभिमान वाटावा. परंतु अनुदानाचा आकडा पाहिला की अभिमान ओसरतो. अनेक वर्षे ही रक्कम दरमहा ४२५ रुपये होती, म्हणजे दिवसाला चौदा रुपये. कोरोनाच्या साथीत मुलांचे छत्र हरपले, तेव्हा कोठे २०२१ मध्ये ती ११०० झाली. २०२३ मध्ये योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव देण्यात आले आणि रक्कम २२५० रुपयांवर नेण्यात आली. ह्या वाढीमागे कोरोनात पती गमावलेल्या स्त्रियांसाठी हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या चळवळीचाही वाटा आहे. न मागता आकडा वाढत नाही, हा धडा त्यातून घ्यावा.

२२५० रुपये म्हणजे दिवसाला पंचाहत्तर रुपये. त्यात दूध, भाजी, वह्या, गणवेश, औषध आणि शाळेची रिक्षा बसवून दाखवा. शिवाय हे पंचाहत्तर रुपये रोजच्या रोज हातात पडत नाहीत. हप्ते महिनोन्महिने थकतात, ही तक्रार राज्यभर ऐकू येते. वाण्याची उधारी मात्र थकबाकी मानीत नाही. येथे एक तुलना करतो. २०२४ मध्ये विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी काही महिन्यांत लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि लक्षावधी स्त्रियांच्या बँक खात्यांत दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले. स्त्रियांना पैसे मिळाले ह्याला माझा विरोध नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की राज्ययंत्रणेने मनावर घेतले तर अर्ज, छाननी आणि वाटप हे सारे काही आठवड्यांत होऊ शकते. अनाथ मुलाच्या बाबतीत ते होत नसेल, तर यंत्रणा दुबळी आहे हे कारण पटणारे नाही.

केंद्राचा कायदाही पाहणे जरूर आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने एक तत्त्व मान्य केले आहे की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय होय. त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये प्रायोजकत्वाची, म्हणजे कुटुंबाला आर्थिक आधार देण्याची तरतूद आहे. ज्यांना हा आधार द्यावयाचा त्यांत, अनाथ असून विस्तारित कुटुंबात राहणारी मुले असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आजीकडे राहणारे मूल कायद्याला दिसते. मिशन वात्सल्य ह्या केंद्रपुरस्कृत योजनेत त्यासाठी दरमहा ४००० रुपयांचा दर ठरविलेला आहे. मग अडते कोठे?

पहिली अडचण उत्पन्नाच्या मर्यादेची. ह्या प्रायोजकत्वासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजार आणि इतरत्र ९६ हजार रुपयांपेक्षा अधिक असता कामा नये. ९६ हजार म्हणजे महिना आठ हजार. डोंबिवलीच्या कारखान्यात काम करणाऱ्या अकुशल कामगाराला किमान वेतन कायद्याप्रमाणे मजुरी मिळाली, तरी तो ही मर्यादा ओलांडतो. म्हणजे एका कायद्याने ठरविलेले किमान वेतन घेणारा मामा दुसऱ्या योजनेच्या दृष्टीने सधन ठरतो. भाच्याला आधार मिळावा म्हणून मामाने कायदेशीर वेतनापेक्षा कमी पगारावर काम करावे, अशी ही व्यवस्था आहे.

दुसरी अडचण कागदांची. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, शिधापत्रिका, आधार, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक, आणि पालकासह मुलाचे घरासमोर काढलेले छायाचित्र. आपल्या भागातील वस्ती कोकणातून, खानदेशातून, विदर्भ-मराठवाड्यातून आणि उत्तरेकडून आलेली. आईबाप गावी वारले आणि मूल ठाकुर्लीला मामाकडे आले, तर त्याचे नाव गावच्या शिधापत्रिकेवर, मृत्यूची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत आणि पोट मात्र येथे. प्रत्येक कागदासाठी एक खेप, प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी बुडते. त्यात आणखी एक गोम आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालक म्हणून आईवडिलांना मान्यता दिली आहे. आजी, आत्या व मामा त्यात नाहीत. न्यायालयातून पालकत्व मिळवावयाचे तर १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आहे, आणि वकिलाची फी आहे. ज्या बाईने मुलाला तीन वर्षे वाढवले, तिला बँकेच्या खिडकीशी विचारले जाते, तुम्ही ह्याच्या कोण?

तिसरी अडचण अठराव्या वर्षाची. बालगृहातून अठरा वर्षे पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलाला पुढेही आर्थिक साह्य देता येईल, असे कायद्याचे कलम ४६ सांगते. ती तरतूद योग्यच आहे. परंतु ती संस्थेतून बाहेर पडणाऱ्यापुरती आहे. आजीच्या खोलीतून बाहेर पडणारा मुलगा बारावीच्या उंबरठ्यावर उभा असतो, आजी सत्तरीला टेकलेली असते, आणि नेमक्या त्या वाढदिवशी राज्याचा हात सुटतो.

चौथी गोष्ट मला सर्वांत अधिक खटकते. कोरोनात आईबाप दोन्ही गमावलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाख रुपयांची मुदत ठेव आणि केंद्राने वयाच्या तेविसाव्या वर्षी मिळणाऱ्या दहा लाखांची योजना २०२१ मध्ये जाहीर केली. त्या मुलांना ते मिळाले हे योग्यच झाले. परंतु त्याच चाळीत, त्याच वर्षी, ज्याचा बाप रुळावर गेला आणि आई क्षयाने गेली, त्याच्या वाट्याला काय आले? मरणाच्या कारणावरून मुलाचा हक्क ठरविणे हे न्यायाला सोडून आहे. मुलाची भूक मृत्यूच्या दाखल्यावरील रोगाचे नाव वाचीत नाही.

आता एका आक्षेपाचा विचार करू. तो आपल्या पक्षातील सज्जनही घेतात. ते म्हणतात, नात्यात पैसा आणू नका. आज आजी प्रेमाने सांभाळते, उद्या अनुदानासाठी सांभाळील. आपली कुटुंबसंस्था दुबळी होईल. ह्या आक्षेपाला अमेरिकेतील एका खटल्याने उत्तर दिले आहे. इलिनॉय राज्यात आईपासून दूर करण्यात आलेल्या भावंडांपैकी दोघांना त्यांच्या मोठ्या विवाहित बहिणीने आपल्या घरी घेतले. मुले परक्या कुटुंबात असती तर राज्य त्या कुटुंबाला प्रत्येकी दरमहा १०५ डॉलर देत होते. ती सख्ख्या बहिणीकडे आली म्हणून तिला प्रत्येकी ६३ डॉलर देऊ केले. कारण एकच, ती नातलग होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मिलर विरुद्ध युआकिम ह्या खटल्यात १९७९ मध्ये न्यायालयाने एकमुखाने सांगितले की पात्र नातलगाला केवळ नात्याच्या कारणावरून पालक कुटुंबाचा दर नाकारता येणार नाही. निकालपत्र न्यायमूर्ती थर्गुड मार्शल ह्यांनी लिहिले. वर्णद्वेषाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यात ज्यांचे आयुष्य गेले तेच हे मार्शल. भांडवलशाहीच्या माहेरघरातील न्यायालयाला जे उमगले, ते आपण नात्याच्या पावित्र्याचे नाव घेऊन नाकारावे काय?

खरे तर पैशाने प्रेम विटते ही भीती नेहमी गरिबांच्याच बाबतीत व्यक्त केली जाते. श्रीमंत आजोबा नातवाच्या नावे ठेव ठेवतात तेव्हा नाते विटले असे कोणी म्हणत नाही. प्रेम आटते ते उपासमारीने. दोन्ही वेळची भाजी पुरत नाही तेव्हा घरात आपला आणि परका असा भेद सुरू होतो, आणि आश्रित मुलाला ते प्रथम कळते. त्याच्या ताटात पडणारी पोळी त्याच्या हक्काच्या पैशातून आली आहे एवढे जरी घराला ठाऊक असले, तरी त्या मुलाची मान ताठ राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. सगळेच नातलग मायाळू नसतात. नात्याच्या नावाखाली मुलीला बिनपगारी मोलकरीण करून ठेवतात, मुलाची शाळा सोडवून त्याला टपरीवर बसवतात, बापाच्या नुकसानभरपाईवर डोळा ठेवून पोराला जवळ करतात. छळाचे याहून वाईट प्रकारही घडतात. म्हणून अनुदानाबरोबर देखरेख हवीच. परंतु देखरेख म्हणजे पोलिसी चौकशी नव्हे. महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा, मुलाशी एकट्याने बोलणारा, शाळेत हजेरी पाहणारा आणि आजीच्या अडचणी ऐकून घेणारा समाजकार्यकर्ता हवा. त्याच्याकडे मोजकीच मुले सोपविलेली असावीत आणि त्याला स्वतःला नियमित पगार असावा. आज हे काम पुष्कळ ठिकाणी स्वयंसेवी संस्थांवर सोपविले आहे, आणि २०२३ च्या दराप्रमाणे त्यांना एका मुलामागे महिन्याला २५० रुपये मिळतात. तेवढ्यात गृहभेट होईल की कागदोपत्री भेट होईल, हे सांगावयास नको. जे घर मुलाला नकोसे झाले आहे त्याला तेथेच राहण्याची सक्ती पैशाच्या मोहाने होऊ नये, हेही आपल्या मागणीत असले पाहिजे.

साथींनो, ह्या साऱ्याचा इलाज काय? महाराष्ट्राने तो एकदा शोधून काढला आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे योजना म्हणून सुरू झाली. वि. स. पागे ह्यांनी तिचा पुरस्कार केला, आपल्या चळवळीतील कार्यकर्ते खडी फोडणाऱ्या मजुरांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. योजना आणि कायदा ह्यांतला फरक मजुराने लगेच ओळखला. योजनेत साहेबाची मर्जी होती. कायद्यात पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारभत्ता देण्याचे बंधन होते. त्यासाठी पैसा कोठून आला? १९७५ च्या व्यवसायकरातून, म्हणजे शहरातील पगारदारांच्या खिशातून. डोंबिवली-ठाकुर्लीचा कारकून आपल्या पगारातून कापला जाणारा व्यवसायकर पाहून कुरकुरत असेल; परंतु गावच्या मजुराला काम मिळावे म्हणून शहराने वाटा उचलावा, हे तत्त्व त्या कपातीमागे आहे. २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तो त्याच वाटेने. मुलाच्या संगोपनालाही हमीचा कायदा लागू करता येईल, ह्याहून वेगळे मी काही मागत नाही.

त्या कायद्यात काय असावे? अनुदान मृत्यूच्या कारणावर नव्हे, मुलाच्या स्थितीवर अवलंबून असावे. नातलगाला आणि परक्या पालक कुटुंबाला एकच दर असावा, आणि तो महागाईच्या निर्देशांकाबरोबर आपोआप वाढावा. वाढीसाठी पुन्हा एखाद्या साथीची वाट पाहावी लागू नये. दोन्ही पालक नसलेल्या मुलासाठी उत्पन्नाची अट नसावी. इतरांसाठी ती निदान किमान वेतनाच्या वर असावी. बालकल्याण समितीने ठराविक दिवसांत निर्णय द्यावा, आणि विलंब झाला तर अर्जाच्या तारखेपासूनची रक्कम द्यावी. समितीच्या आदेशाने शाळा, दवाखाना व बँक ह्यांपुरते पालकत्व त्या नातलगाला मिळावे, म्हणजे कोर्टाची पायरी टळेल. आणि अठराव्या वर्षानंतरचे साह्य बालगृहातील मुलाप्रमाणे घरातील मुलालाही शिक्षण पुरे होईपर्यंत मिळावे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपण हात बांधून बसावयाचे काय? येत्या तीन महिन्यांत प्रत्येक शाखेने आपापल्या वॉर्डातील चाळी आणि झोपडपट्ट्या फिराव्यात. आजीआजोबांकडे किंवा इतर नातलगांकडे राहणारी मुले किती, त्यांतील कितींना अनुदान मिळते, कितींनी अर्जच केलेला नाही, हे वहीत लिहावे. पालिकेच्या शाळांतील शिक्षक आणि अंगणवाडी सेविका ह्यांना हे बरेचसे आधीच ठाऊक असते, त्यांच्याशी बोलावे. ज्यांचा अर्ज नाही त्यांचे कागद आपण जमवून द्यावेत. कल्याणच्या तहसील कचेरीत आणि ठाण्याच्या महिला व बालविकास कार्यालयात त्या आजीबरोबर कार्यकर्त्याने स्वतः जावे, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. थकलेल्या हप्त्यांची यादी करून ती आमदारांच्या हाती द्यावी. अशा वह्या भरल्या म्हणजे मागणीला आकड्यांचे बळ येईल. आज आपल्याजवळ कळकळ आहे, यादी नाही. यादीशिवाय कळकळीची दखल सरकार घेत नाही.

शेवटी योजनेला ज्यांचे नाव आहे त्यांच्याविषयी दोन शब्द. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी पुढे दत्तक घेतले आणि त्या यशवंताला डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात त्याच यशवंताच्या दवाखान्यासाठी रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. त्या मुलाशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. समाजाने टाकलेले मूल हे समाजाचेच मूल आहे, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्यांचे नाव योजनेच्या फलकावर लिहिणाऱ्या राज्याला तो हिशेब पुरा करावयास लावणे हे आपले काम आहे. आजी आपला वाटा केव्हाच उचलून बसली आहे. आता राज्याने आपला उचलावा, ह्यासाठी वह्या घेऊन आपण उद्यापासून बाहेर पडू.